राखेचा खण

ताईच्या घरामागे कचऱ्याचे डबे ओळीने उभे असतात. त्यातल्या काळ्या डब्याच्या झाकणावर ठसठशीत अक्षरे उमटवलेली आहेत : ‘कायने हाइस्से आशे आइनफ्युलेन’. माझे जर्मन जुजबी. पहिल्या दिवशी मी ते ‘गरम आशा भरू नये’ असे वाचले, आणि तत्त्वज्ञांच्या देशात कचऱ्याचे डबेसुद्धा असेच बोलत असतील म्हणून गप्प बसले. आशे म्हणजे राख. डबा प्लॅस्टिकचा, चाकांचा. त्यात निखारा पडला तर अर्ध्या तासात डब्याचे पिठले होईल, म्हणून ही सूचना.

ताई माझी मावसबहीण, म्युनिकपासून तासाभराच्या अंतरावर राहते. तिच्या बैठकीच्या खोलीत लाकडावर चालणारी बंद शेगडी आहे : लोखंडी पेटी, पुढे काचेचे दार, मागून धुराडे. (तिकडे तिला ‘ओफेन’ म्हणतात. मराठीत स्टोव्ह म्हटले की रॉकेलचा वास येतो, म्हणून मी शेगडीच म्हणते.) ही शेगडी नवी. घराबरोबर आलेली जुनी शेगडी काढावी लागली, कारण जर्मनीच्या २०१० च्या नियमांनुसार धुराची आणि धूलिकणांची मर्यादा न पाळणाऱ्या जुन्या शेगड्यांना ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच मुदत होती. जुनी गेली, तिचा राखेचा खण तेवढा तळघरात राहिला. जाड पत्र्याचा, पुढे निकेलची मूठ, आतून पांढुरका झालेला.

नव्या शेगडीला खणच नाही. खाली जाळीही नाही, सपाट विटांचा तळ. मावशी त्या वर्षी तिकडेच होती. ती वाकून वाकून बघत म्हणाली, “अगं, मग राख काढायची कुठून?”

“काढायची नाही, आई. म्हणजे रोज नाही,” ताई म्हणाली. “धुराडेवाला सांगून गेलाय, दोन बोटं राख कायम राहू दे.”

पैसे मोजून नवी वस्तू आणायची आणि तिच्यात जुन्यापेक्षा एक सोय कमी, हे मावशीला पटेना. मलाही तेव्हा पटले नव्हते. पण त्या तळघरातल्या खणाचा माग काढत गेले तेव्हा दिसले की खण लाकडाचा नव्हताच. तो दगडी कोळशाबरोबर आला, आणि कोळसा गेल्यावरही मुक्काम ठोकून बसला.

लाकूड जळते कसे ते आधी पाहू. ताईच्या काचेसमोर बसले की ते उघड दिसते. ओंडका तापला की त्याच्या वजनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाळा असते ती त्या वायूची, ती ओंडक्याला चिकटलेली नसते, बोटभर वर तरंगते. तेव्हा हवा हवी ती वर, ज्वाळेपाशी. नंतर जो लोणारी कोळसा उरतो तो राखेच्या गादीवर पडून मंद धगधगतो. राख त्याची ऊब तळातून निसटू देत नाही आणि तळाच्या विटाही सांभाळते. दगडी कोळशाचे उलटे. त्याच्यात घन कार्बनच फार, त्याचा थर जळायचा तर वारा खालून आणि खड्यांच्या फटींतून जायला हवा. शिवाय त्याची राखही मुबलक. सुक्या लाकडात राखेचा अंश टक्क्याच्या आतबाहेर, कोळशात पाच ते पंधरा टक्के, आणि आपल्याकडच्या कोळशात तर तीस ते पंचेचाळीस. म्हणजे दहा किलो चांगल्या कोळशामागे किलोभर राख निघते तिथे दहा किलो लाकडामागे पाऊणशे-शंभर ग्रॅम, एका वाटीत मावेल एवढी. ती किलोभर राख पडायला खाली वाट नसली तर कोळसा गुदमरतो. म्हणून जाळी, जाळी हलवायचा दांडा, आणि जाळीखाली खण.

कोळशाच्या आधी युरोपातही घरोघरी लाकूडच होते आणि चूल उघडी, जमिनीलगत. राख काढणे हा तिथे प्रश्नच नव्हता, राख संपू न देणे हा होता. घर्षणाने पेटणाऱ्या काड्या विकायला आल्या त्या १८२७ मध्ये, इंग्लंडात जॉन वॉकर या औषधविक्याकडे. त्याआधी गारगोटी आणि पोलादावर ठिणगी पाडून विस्तव करणे म्हणजे पाऊसकाळी रडकुंडीला आणणारे काम. त्यामुळे रात्री निखारे एकत्र ओढायचे, त्यांच्यावर राख लोटायची, आणि त्या ढिगावर पितळेचे नाहीतर मातीचे अर्ध्या घंटेसारखे झाकण ठेवायचे. घरे लाकडाची, छपरे गवताची. एक ठिणगी उडाली तर गाव जायचे. म्हणून रात्री ठरावीक वेळी घंटा वाजे : विस्तव झाका. फ्रेंचमध्ये ‘कूव्र-फ’, झाका-विस्तव. तोच शब्द इंग्रजीत जाऊन ‘कर्फ्यू’ झाला. दंगलीच्या दिवसांत पोलिसांच्या गाडीवरून पुकारला जाणारा कर्फ्यू मुळात चुलीवर राख लोटायची आठवण होती.

यात मराठी माणसाला नवल वाटायला नको. मावशीच्या लहानपणी कोकणात रात्रीचे जेवण झाले की तिची आई चुलीतले दोन जाड निखारे मागे ओढून राखेत पुरत असे. सकाळी राख बाजूला सारायची, पाला टाकायचा, फुंकणी लावायची. त्याला ‘विस्तव राखणे’ म्हणत. राख आणि राखणे हे दोन शब्द एकाच घरचे. संस्कृत कोशांत ‘रक्षा’ या शब्दाखाली संरक्षण आणि राख असे दोन्ही अर्थ दिलेले आढळतात, आणि तिसऱ्या दिवशी आपण नदीवर नेतो तिलाही आपण रक्षाच म्हणतो. इंग्रजीत ‘ॲश’ म्हटले की सगळे संपल्याचा भाव येतो. मराठीत राखरांगोळी आहेच, पण राखेच्या पोटात राखणदारही आहे.

राखेला बाजारात भावही होता. लाकडाची राख पिंपात घालून वरून पाणी सोडायचे, खाली झिरपलेले तपकिरी पाणी लोखंडी हंड्यात आटवायचे, तळाशी उरतो तो क्षार. हंड्यातली राख म्हणून ‘पॉट-ॲश’, आपला पोटॅश. साबण, काच, लोकर धुणे, कापड शुभ्र करणे, सगळ्यांना तो लागे. अमेरिकेत नवी जमीन तोडणारे शेतकरी जंगल जाळत आणि राख विकत, पुष्कळांच्या हाती पहिला रोख पैसा पडला तो राखेचा. अमेरिकी सरकारने दिलेले पहिले पेटंट विजेचे नाही की यंत्राचे नाही. ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युएल हॉपकिन्स याला ते मिळाले, पोटॅश करण्याच्या सुधारित रीतीबद्दल, आणि त्यावर सही अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची. १८०७ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने दाहक पोटॅशमधून वीज सोडून एक नवा धातू वेगळा काढला. त्याला नाव दिले पोटॅशियम, हंड्यातल्या राखेवरून. त्याची खूण ‘के’, ती ‘कॅलियम’ची, आणि तिचे मूळ अरबी ‘कली’मध्ये, म्हणजे पुन्हा वनस्पतीच्या राखेतच. अल्कली हा शब्दही तिथलाच.

मग १८६१ मध्ये जर्मनीत स्टासफुर्टला जमिनीखालच्या क्षारांपासून पोटॅश काढायचा कारखाना उभा राहिला, आणि चुलीतल्या राखेची किंमत उतरत गेली. नाशिकचा द्राक्षबागाईतदार आज पोटॅशची पोती आणतो ती खाणीतल्या क्षाराची, परदेशातून आलेली. नाव तेवढे हंड्याचे राहिले आहे.

आता खणाकडे यायचे तर माझ्या सिद्धांताला एक खोट आहे, ती लपवत नाही. बेंजामिन थॉम्पसन हा मॅसॅच्युसेट्समध्ये १७५३ साली जन्मलेला खटपट्या गृहस्थ, पुढे बव्हेरियाच्या सत्ताधीशाकडे नोकरीला राहिला आणि काउंट रम्फर्ड झाला. म्युनिकमधला इंग्लिश गार्डन त्याच्या पुढाकाराने १७८९ मध्ये सुरू झाला. ताई मला तिथे फिरायला घेऊन गेली होती तेव्हा हे ठाऊक नव्हते, नाहीतर आदराने पाहिले असते. उघड्या चुलीत जळण किती फुकट जाते याचा त्याला ध्यास. त्याने बंद चुली बांधल्या : वर भांडे घट्ट बसेल असे तोंड, खाली जाळी, जाळीखाली राखेची पोकळी आणि त्या पोकळीला एक लहान दार. त्या दारातल्या झडपेने हवा कमीजास्त करायची. आणि त्याच्या म्युनिकच्या स्वयंपाकघरांत जळण लाकडाचे होते, कोळशाचे नव्हे. म्हणजे तिथे राखेचे दार कोळशाआधीच आले होते. पण कशासाठी? राखेसाठी थोडे, वाऱ्यासाठी जास्त. रम्फर्डच्या हातात ते दार म्हणजे आजच्या गॅसचा कान होता. खण भरून वाहू लागला तो कोळसा घरात आल्यावरच.

आणि वाहू लागला तो असा की शहरेच्या शहरे राखेने पुरली गेली. लंडनमध्ये घरोघरची कोळशाची राख उचलायला ‘डस्टमन’ येत. डस्ट म्हणजे धूळ नव्हे, चुलीतली राख. ती ठेवायची पेटी म्हणून डस्टबिन. आज मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्येही सिंकखाली डस्टबिन असतो आणि त्यात केळीची साले पडतात. त्या काळच्या लंडनमध्ये डस्टचे डोंगर साचत, बायका त्यांवर उभ्या राहून चाळण्यांनी चाळत. बारीक राख विटांच्या मातीत मिसळायला जाई, अर्धवट जळलेले खडे त्याच विटा भाजायला. राखेचा ठेका घेणारे गबर होत. डिकन्सची ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ ही १८६४-६५ ची कादंबरी उभी आहे ती अशाच ढिगांच्या वारसाहक्कावर. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा आता आपल्याकडेही सर्रास दिसतात आणि नवा शोध म्हणून त्यांचे कौतुक होते. लंडनच्या वीटवाल्यांना त्यात नवे काही दिसले नसते.

न्यूयॉर्कचे प्रकरण याहून मोठे. ब्रुकलिनच्या घरांची राख उचलणाऱ्या कंपनीचे नावच ‘ब्रुकलिन ॲश रिमूव्हल कंपनी’. तिने ती राख क्वीन्समधल्या कोरोना इथल्या दलदलीत वर्षानुवर्षे ओतली. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’मध्ये, १९२५ साली, जी राखेची दरी येते ती हीच. शहराच्या उद्यानखात्याचा प्रमुख रॉबर्ट मोझेस याने ते ढीग सपाट करवले, तिथे १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरले, आणि आता तिथल्या बागेला फ्लशिंग मेडोज म्हणतात. ऑगस्टअखेर आपण रात्र जागवून यू.एस. ओपनचे सामने पाहतो ते या जुन्या राखेच्या मैदानावरचे.

पुढे तेल आले, गॅस आला. लंडनच्या १९५२ च्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ मध्ये कायदा झाला आणि धुराचा कोळसा शहरांतून हटू लागला. मग १९७३ चे तेलसंकट आले, आणि युरोप-अमेरिकेतले लोक पुन्हा लाकडाकडे वळले. बाजारात ज्या शेगड्या आल्या त्यांतल्या पुष्कळ ‘लाकूड-कोळसा दोन्ही चालेल’ अशा होत्या. म्हणून जाळी राहिली, खण राहिला. गिऱ्हाइकालाही खण आवडे, ओढा, ओता, झाले. लाकूड मात्र त्या जाळीवर नाखूश. निखारे पुरते जळायच्या आतच फटींतून खाली पडत आणि खणात विझून जात. खालून वारा मिळाल्यामुळे ओंडके भराभर संपत. आणि सर्वांत वाईट म्हणजे घाई. शेगडी लवकर पेटावी म्हणून लोक राखेचे दार किलकिले ठेवत. मग खालून वारा असा घुसे की लोहाराचा भाता. जाळी वाकायची, ओतीव लोखंडाला तडे जायचे. दार लावले तरी त्याची कडेची दोरी झिजली की तिथून चोरवारा. ज्वाळेला मोजून हवा द्यायची तर शेगडीला नको तिथे फट नसावी, आणि राखेचे दार ही हमखास फट. अमेरिकेत १९८८ मध्ये आणि जर्मनीत २०१० मध्ये शेगडीच्या धुरावर आकडे बसले तशी हवा वरून, काचेच्या आतल्या अंगाने आणि मागच्या बारीक छिद्रांतून देणे आले. लाकडासाठीच केलेल्या पुष्कळ शेगड्यांतून जाळी गेली आणि तिच्यामागे खणही.

नॉर्वेत मात्र हे कधी बिघडलेच नव्हते. योतुल हा तिथला १८५३ पासूनचा कारखाना. त्यांची ११८ क्रमांकाची शेगडी १९४० च्या सुमाराची, लांबट अरुंद पेटी, दोन फुटी ओंडका आडवा आत सारायचा, तो चिरुटासारखा पुढून मागे जळत जातो. जाळी नाही, खण नाही, तळाशी राखेची गादी. आणि तिच्या ओतीव कुशीवर जुन्या वळणाच्या अक्षरांत एक प्रार्थना कोरलेली आहे : रात्री मी माझा विस्तव राखेत पुरते आहे, तो कधी विझू नये, अशा अर्थाची. मावशीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “माझ्या आईला लिहिता येत नव्हतं, नाहीतर तिनंही हेच कोरलं असतं.”

राख खरोखर डोकेदुखी होते ती पेलेटच्या शेगडीत. भुसा दाबून केलेल्या पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या गोळ्या, ओतायला सोप्या, मोटारीने आपोआप आत पडणाऱ्या. ही घरगुती शेगडी १९८०च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात आली. गोळी लहान म्हणून ती कोळशाच्या खड्यासारखी जळते : छिद्रांच्या कुंडीत, खालून पंख्याचा वारा. त्यामुळे कोळशाचे सगळे भोग परत. छिद्रे राखेने बुजली की ज्योत लाल, आळशी होते. गोळ्यांत साल किंवा वाळू आली तर राख वितळून कुंडीत दगड जमतो, वीटभट्टीवर ज्याला खंगर म्हणतात तसला. म्हणून उत्तम दर्जाच्या गोळ्यांत राख ०.७ टक्क्यांहून जास्त नसावी अशी युरोपातली अट. यंत्रे तरी किती : कुंडीचा तळ ठरावीक वेळाने उलटवणारी मोटार, राख ढकलणारा स्क्रू, ती चेपून बसवणारी पेटी, आणि राखेसाठीच निराळा व्हॅक्यूम क्लीनर, कारण घरातला वापरला तर त्याच्या कागदी पिशवीत निखारा पेटतो. लाकडाचा कोळसा करून जाळा, आणि मग कोळशाचा खण मागे लावून घ्या. माणसाला सोय फार महाग पडते.

ताईच्या शेगडीतली राख आठ-दहा दिवसांनी निघते. तिची रीत मी शिकून घेतली. सकाळी, शेगडी कोमट असताना. दार उघडायच्या आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडायची, मग दार एकदम नाही, आधी बोटभर, म्हणजे उडणारी राख खोलीत न येता वर ओढली जाते. निखारे असतील ते पुढे, काचेकडे ओढायचे. मागची राख पत्र्याच्या उथळ खोऱ्याने उचलायची आणि बादलीत ओतायची नाही, खोरे बादलीच्या तळाशी टेकवून हळूच काढून घ्यायचे. बादली लोखंडी, झाकणाची, खाली पाय असलेली, म्हणजे फरशी तापत नाही. तळाशी दोन बोटे राख ठेवायची आणि निखारे परत तिच्यावर पसरायचे. सबंध हिवाळ्यात तिने पाचशे किलो बीच जाळले तर राख निघते अडीच ते पाच किलो.

ती बादली अंगणात दगडावर पूर्ण निवेपर्यंत काही दिवस उभी राहते. राख विस्तव राखते ना, मग ती बादलीतही राखते. वरून हात लावला तर गार, पिठासारखी. आत काडी खुपसली तर तिसऱ्या दिवशीही टोक काळे. असे निखारे घरात ठेवलेल्या बादलीतून कार्बन मोनॉक्साइडही सोडतात, त्याला वास नाही. डब्याच्या झाकणावरची अक्षरे त्याच दिवसांसाठी आहेत.

काच काळी झाली होती. ताई बाजारातली फवाऱ्याची बाटली शोधत होती, तेवढ्यात मावशीने कालचे वर्तमानपत्र पाण्यात भिजवून पिळले, बादलीतली थंड राख त्यावर टिपली आणि काचेवर गोल गोल हात फिरवला. काजळी सुटून आली. ताईने फोनवर शोधले तर सगळे जर्मन लोक नेमके हेच करतात. राखेतला क्षार डांबर सैल करतो आणि बारीक कण घासतात. आपण अख्खी हयात पितळ्या आणि हंडे त्याच गुणावर घासले.

“अहो, तुमच्या देशात भांडी कशानं घासतात?” मावशीने शेजारच्या बाईंना मराठीतच विचारले. त्यांनी हसून काचेकडे पाहत अंगठा वर केला.

बागेत राख टाकायची तर बेताने, असे ताईला तिथल्या रोपवाटिकेत सांगितले. लाकडाच्या राखेत चुन्याचा अंशच सर्वांत मोठा, त्यामुळे रोडोडेंड्रॉनसारखी आंबट माती मागणारी झाडे तिने रुसतात. रंगवलेले किंवा रसायन मुरवलेले लाकूड जाळले असेल तर मुळीच नको. म्हणून ताई मूठभर राख गुलाबांना देते आणि बाकीची पूर्ण निवल्यावर कागदी पिशवीत बांधून काळ्या डब्यात.

तळघरातला जुना खण मावशीने वर आणला. भंगारात द्यायला निघालेला. तिने तो घासला, खिळ्याने तळाला पाच-सहा भोके पाडली, माती भरली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. निकेलची मूठ बाहेरच्या बाजूला. त्यात आता कोथिंबीर आहे.